हंडा हिरवा पडला म्हणजे जुना?

मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. पण खानदेशात सोनगीर म्हटलं की किल्ल्याच्या आधी तांब्या-पितळेची भांडी आठवतात. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटिअरमध्येही या गावची नोंद भांड्यांसकट आहे. लेकीच्या लग्नात हंडा, कळशी, परात द्यायची ती सोनगीरची, असा इकडचा रिवाज. पुढे स्टील आलं आणि तीच भांडी किलोच्या भावानं मोडीत गेली. आता वारं फिरलंय. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घंगाळात फुलं तरंगतात, बंबाच्या शेजारी दिवा लागतो. गिऱ्हाईक परतलं आणि त्याच्यामागून ऐकीव ज्ञानही आलं. त्यातलं बरंचसं कळकलेलं आहे.

सगळ्यांत चिवट समज हिरव्या रंगाचा. भांडं काळं-हिरवं असलं की ते शंभर वर्षांचं, अशी खूणगाठ बांधलेली असते. वास्तविक तांब्यावर ओल, मीठ आणि आंबट यांचा परिणाम झाला की हिरवा थर धरतो, आणि तो आणायला शतक लागत नाही. नवसागर, मीठ आणि ओलं फडकं एवढ्यावर चार-आठ दिवसांत नवं भांडं ‘पुरातन’ होतं. उलट रोज राखेनं-चिंचेनं घासलेलं आजीचं भांडं साठ वर्षांनीही लखलखीत असतं. जुनेपण शोधायचं तर ते झिजेत शोधावं. चुंबळीवर टेकून टेकून घागरीचं बूड गुळगुळीत होतं. विहिरीच्या दोरानं गळ्याशी घासा पडतो. कडीच्या भोकाचा गोल लांबट होतो. ही झीज नेमकी वापराच्या जागी असते. खोट्या झिजेला ही जागा सहसा सापडत नाही, ती सगळीकडे सारखीच पसरलेली असते.

दुसरा समज कोरलेल्या नावाचा. भांड्यावर बारीक टिंबांनी नाव आणि साल घातलेलं असतं. ते कारागिराचं नाव असं समजून लोक त्याचा शोध घेत बसतात. ते असतं देणाऱ्याचं किंवा घेणारीचं; मामाकडून, आत्याकडून, मुंजीनिमित्त. साल असतं ते आहेराचं. भांडं त्याआधी कधीचंही असू शकतं, कारण घरातलंच एखादं भांडं कल्हई करून, नवं नाव घालून पुढे दिलेलंही असतं. घडवणाऱ्याचं नाव जवळजवळ कधीच नसतं, आणि शिक्का नाही म्हणून भांडं कमअस्सल ठरत नाही.

इथं अमेरिकेतल्या काचेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिकडे १९३० च्या मंदीत स्वस्त रंगीत काचेच्या बश्या-पेले ओटच्या डब्यातून, सिनेमाच्या तिकिटाबरोबर फुकट मिळत. चाळीस वर्षांनी लोक तेच जमवू लागले. हायसी नावाच्या कारखान्याच्या भारी काचेचेही वेगळे संग्राहक होते. त्याची खूण चौकटीतला ‘एच’. पण खूण प्रत्येक नगावर नसे, कित्येक नगांवर नुसती कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे, ती पहिल्याच धुण्यात गेली. शिवाय १९५७ साली कारखाना बंद पडल्यावर त्याचे साचे इंपीरियल नावाच्या दुसऱ्या कारखान्यानं घेतले आणि त्यातून नवी काच निघू लागली. गोंधळ इतका झाला की संग्राहकांनी मंडळं काढली, घाटांच्या याद्या केल्या, नकला कशा ओळखायच्या ते छापलं. हायसीच्या मंडळानं तर इंपीरियल बुडाल्यावर जुने साचेच विकत घेतले. तिकडे हे जमलं, कारण काच साच्यात घडते आणि साच्याला नंबर असतो. तांबटाचा साचा म्हणजे त्याचा हात. दोन हंडे तंतोतंत सारखे निघत नाहीत, म्हणून आपल्याकडे यादीनं काम भागत नाही, भांडं हातात घ्यावं लागतं.

हातात घेतल्यावर काय बघायचं? बहुतेक जण मठारकाम बघतात. ठोक्याठोक्यांचे चकाकते ठिपके दिसले की ‘हातानं घडवलेलं’ असं मानून मोकळे. इथंच फसगत होते. यंत्रावर पत्रा फिरवून काढलेल्या भांड्यावरही नंतर ठोके मारता येतात. म्हणून भांडं उलटं करून आत बघावं. फिरवून काढलेल्या भांड्याच्या आत, विशेषतः तळाशी, गोल गोल रेघांची वलयं राहतात. जुना मोठा हंडा मात्र अनेकदा एका पत्र्याचा नसतो. तळ, पोट आणि गळा वेगळे ठोकून ते टाकणखार टाकून भट्टीवर सांधलेले असतात. आतून पोटाभोवती फिरणारी टाक्याची रेघ दिसते, कधी दोन्ही पत्र्यांचे दाते एकमेकांत गुंतवलेले दिसतात. हौशी गिऱ्हाईक ही रेघ पाहून म्हणतं, ‘जोड आहे, तुटलेलं दिसतंय, भाव कमी करा.’ विक्रेताही कधी कधी ती घासून मिटवायला बघतो. अहो, तोच तर पुरावा! टाका मिटवलेला हंडा मला नाक कापलेल्या मूर्तीसारखा वाटतो.

‘जुनं पितळ शुद्ध असे’ हेही नेहमी ऐकू येतं. पितळ शुद्ध असतंच कुठं? ते मुळातच तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती पत्रा मुंबई बंदरातून देशभर जात होता, आणि मोडीची भांडी वितळवून नवी घडवणं तर तांबटांच्या धंद्यातच होतं. त्यामुळे आजीच्या परातीत कुणाच्या पणजीची समई असेल, सांगता येत नाही.

चुंबकाचं थोडक्यात. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, इतकंच कळतं. चिकटलं नाही म्हणजे पितळ असं नव्हे. रोजच्या वापरातलं चांगलं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही.

कायद्याची भीतीही उगाच वाढवलेली असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तूला शंभर वर्षं झाली की ती पुरावस्तू ठरू शकते. म्हणून पणजीचा हंडा घरात ठेवणं गुन्हा होत नाही. तो परदेशी न्यायचा म्हटलं तर मात्र कायदा आडवा येतो. आणि जुनी भांडी जमवणं हा श्रीमंतांचाच छंद, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचं केळकर संग्रहालय बघावं. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. लोक ज्याला अडगळ म्हणत, ती भांडी, दिवे, अडकित्ते ते गावोगाव हिंडून गोळा करत राहिले आणि १९७५ साली सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

शेवटचा समज पोटाशी संबंधित आहे, म्हणून जरा जपून. तांब्यातलं पाणी चांगलं, मग आमटीही चांगली, हे गणित चुकीचं आहे. पाण्यात तांबं अगदी थोडं उतरतं. लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चिंच, ताक, लिंबू यांच्याशी मात्र तांबं आणि पितळ दोन्ही झटकन विरघळू लागतात. ताक कळकतं ते त्यामुळेच. म्हणूनच आतून कथलाची कल्हई हवी. बाजारातून आणलेल्या जुन्या भांड्याची कल्हई कितीही शाबूत दिसली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. ती काढून नवी करून घ्यावी.

मी आता सोनगीरला गेलो की भाव नंतर विचारतो. आधी हंड्यात हात घालून टाका चाचपतो. तो बोटाला लागला की दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारतो, कल्हईवाला हल्ली कुठं बसतो?