नव्या विमानाला माणसें किती?

लढाऊ विमान उडवितो वैमानिक. पण तें उडण्याजोगें ठेवतात जमिनीवरचे यंत्रज्ञ. जुन्या विमानाला ते किती लागतात, हें नोंदवह्या सांगतात. नव्या विमानाची नोंदवही कोरी असते. मग अंदाज कसा करावा?

तशाच जुन्या विमानाच्या नोंदी आधाराला घेतात. समजा, एका स्क्वाड्रनमध्यें २४ विमानें आहेत. प्रत्येक विमान महिन्याला २० तास उडतें, आणि उड्डाणाच्या दर तासामागें माणसांचे १० तास काम पडतें. एकूण ४,८०० तास झाले. एका माणसाचे प्रत्यक्ष कामाचे १२० तास धरले, तर ४० माणसें पुरावींत.

भागाकार बरोबर आहे, पण उत्तर अपुरें आहे. इंजिनाचा जाणकार विजेच्या जोडण्या दुरुस्त करीत नाहीं. रात्रपाळीहि चालवावी लागते. आणि बिघाड सरासरी पाहून होत नाहींत, एखादे दिवशीं चार विमानें एकदम अडतात. म्हणून अमेरिकन हवाई दलासाठीं १९६० च्या दशकांत अशा कामांच्या गर्दीचा हिशेब संगणकावर मांडण्याची पद्धत तयार झाली.

आंकडा मिळाला, तरी माणसें मिळतातच असें नाहीं. एफ-३५ साठीं अनुभवी यंत्रज्ञ मिळावेत म्हणून त्याच दलानें जुनीं ए-१० विमानें काढून टाकण्याचें योजिलें होतें. अमेरिकन काँग्रेसनें तें रोखलें, आणि २०१५ च्या सुमारास यंत्रज्ञांची चणचण भासली. अनुभवी यंत्रज्ञ तयार होण्यास वर्षें लागतात. म्हणून त्यांची तजवीज विमानाच्या मागणीबरोबरच झाली पाहिजे.