ढिगाऱ्यावर हिरवळ कशी धरते?

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग इथे ‘मॉयल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगात सेंद्रिय कर्ब आणि नत्र नावालाच, ओलही टिकत नाही. म्हणून नुसतं बी फेकणं वाया जातं. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातलं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), नत्र देणारे जिवाणू आणि मुळांशी नातं जोडणारी बुरशी वापरून अशा ढिगावर झाडं जगवली. कॅनडातल्या थंड सडबरीत दुखणं वेगळं होतं. निकेल-तांब्याच्या भट्ट्यांच्या गंधकी धुराने तिथली जमीन आम्लधर्मी झाली होती. १९७८पासून तिथे चुनखडीची भुकटी व खत टाकून गवत पेरलं गेलं. तिथला चुना इथे जसाच्या तसा उचलू नये. आधी माती तपासावी.