टोपी घाला, गाणे ऐका

संगीत म्हटले की आपल्याकडे प्रथम साधना आठवते. वर्षानुवर्षे पलटे घोटावेत, तबल्यावर बोटे सुजवून घ्यावीत, तेव्हा कुठे चार माणसांत बसण्याची लायकी येते, असा आपला समज. आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही. परंतु ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि तरीही ज्याचे कान सतत संगीताकडे लागलेले असतात, अशा माणसाने करावे तरी काय? मी त्या पंथातला. म्हणूनच 'स्प्रंकी' या काहीशा वेडगळ खेळाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

ब्राउझर उघडला की पडद्यावर सात बिनरंगी बाहुले ओळीने उभे दिसतात. खाली वीस चिन्हे. एक चिन्ह उचलून बाहुल्यावर ठेवावे, की त्याला रंग चढतो, रूप येते आणि तो आवाज काढू लागतो. कोणी ठेका धरतो, कोणी नुसते चमत्कारिक ध्वनी काढतो, कोणी सुरावट वाजवतो, कोणी गातो. ब्रूड नावाच्या एका महाभागाने तर डोक्यावर बादलीच पालथी घातली आहे! नको असलेल्याला गप्प करता येते, सबंध काढूनही टाकता येते. नियम संपले. हारजीत नाही, गुण नाहीत.

या खेळाचे मूळ फ्रान्समध्ये. 'सो फार सो गुड' नावाच्या तिथल्या एका छोट्या मंडळीने २००९ साली 'इन्क्रेडिबॉक्स' काढला. त्यात तोंडानेच ताल धरणारी तरुण पोरे असत आणि टोपी, चष्मा असे काही अंगावर चढवले की ती गाऊ लागत. (टोपी घालण्याचा मराठी अर्थ त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार!) २०२० साली त्यांनी भारतीय वळणाचे संगीत घेऊन एक आवृत्ती काढली, तिचे नाव 'जीवन'. स्प्रंकी मात्र त्यांचा नव्हे. तो २०२४ साली एका चाहत्याने 'स्क्रॅच'वर रचला. स्क्रॅच ही अमेरिकेतील एम.आय.टी.च्या मीडिया लॅबने मुलांना संगणकाची आज्ञावली शिकता यावी म्हणून २००७ साली खुली केलेली सोय. तिथे दुसऱ्याने केलेले काम उघडून आतून पाहता येते आणि मूळ कर्त्याचा उल्लेख ठेवून बदलताही येते. अशा चाहत्यांनी केलेल्या रूपांतराला 'मॉड' म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. कोणीही, कसेही, कोणतेही चिन्ह ठेवले तरी हे बेसूर का होत नाही? जादू काही नाही. सगळे तुकडे एकाच लयीत, एकाच आधारस्वरावर आणि मात्रा मोजून कापलेले असतात. समजा, लय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर सोळा मात्रांचे आवर्तन बरोबर ८ सेकंदांत पुरे होते. प्रत्येक तुकडा तेवढाच, किंवा त्याच्या पूर्ण पटीत. शिवाय नवा बाहुला ठेवल्याबरोबर गाऊ लागत नाही. चालू आवर्तन संपेपर्यंत थांबतो आणि समेवर येऊन मिळतो. हार्मोनियमवर लेहरा चालू असताना तबलजी सम पाहूनच नवा कायदा उचलतो ना, तसेच. फरक एवढाच की इथे सम सांभाळण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर नाही.

मग खेळणारा करतो काय? आमच्या एका संगीतप्रेमी मित्राचा हाच आक्षेप आहे. तो म्हणतो, "चूक करायची मुभाच नसेल तर ते संगीत कसले?" आक्षेप वजनदार आहे. वीसातून सात निवडण्याचे प्रकार ७७,५२० होतात, असे मी त्याला हिशेब करून सांगितले. तो नुसता हसला. त्याचे हसणे योग्यच होते, कारण यातले पुष्कळसे प्रकार एकमेकांसारखेच ऐकू येतात. पण मला जे मिळाले ते निवडण्यातून नव्हे, काढून टाकण्यातून मिळाले. सातही बाहुले एकदम गाऊ लागले की बाजार भरतो. त्यातला ठेका तेवढा उचलावा, सुरावट दोन आवर्तने उघडी पडू द्यावी आणि मग ठेका परत ठेवावा. तो समेवर येऊन पडतो तेव्हा अंगावर शहारा येतो. मागे वाजत असलेला आवाज आपण इतका वेळ ऐकतच नव्हतो, हे तो थांबल्यावर कळते. मैफलीत मला हे कोणी शिकवले नव्हते.

स्प्रंकीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. काळ्या बाहुल्याची टोपी ठेवली की सारे चित्र पालटते. गोजिरवाणे चेहरे रक्तबंबाळ होतात, आवाज विद्रूप होतात. भीतीचा हा प्रकार मला सवंग वाटतो. आणि बाहेरचे रंग पाहून धाकट्या भावंडांच्या हाती हा खेळ देणाऱ्यांनी सावध असावे. नकला तर इतक्या झाल्या आहेत की बाहुल्यांपेक्षा जाहिरातीच जास्त नाचतात. शिवाय अनेक नकलांत तुकडा कापण्यात केसाएवढी कसर राहते आणि दर आवर्तनाच्या सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो. एकदा तो कानाला टोचला की दुसरे काही ऐकूच येत नाही.

तो 'टक्' घालवणे किती कठीण, हे आम्हा दोघांना सध्या कळते आहे. आक्षेप घेणारा तो मित्र आणि मी मिळून एक मॉड रचतो आहोत. त्याची ढोलकी, खानावळीतल्या ताटांची चळत, जात्याची घरघर आणि एस.टी.च्या घंटीचे दोन टोल, असे ८ सेकंदांचे अकरा तुकडे तयार झाले. जाते काही केल्या मात्रेत बसत नाही. गाणाऱ्यांची रांग मात्र अजून अगदी रिकामी आहे. कोणाचा गळा बरा असेल तर त्याने शेवटच्या तासानंतर वाचनालयामागच्या कट्ट्यावर यावे. आठच सेकंद गायचे आहे.