जुन्या फिल्मी तबकड्या : असली कोणती, नकली कोणती?

कारखान्यात ज्या मालाचे उत्पादन थांबते, तो माल दोनच ठिकाणी जातो : भंगारात किंवा शौकिनाच्या कपाटात. चित्रपटांच्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे तबकड्यांचे आज असेच झाले आहे. मोबाईलवर चित्रपट दिसू लागल्यापासून आपल्याकडे नव्या तबकड्या निघणे जवळजवळ बंद झाले. ज्या तबकड्या एकेकाळी हातगाडीवर ढिगाने विकल्या जात, त्यांतील निवडक आता शौकीन मंडळी शोधत फिरतात आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. जेथे असा भाव मिळतो, तेथे नकली माल आल्याशिवाय राहत नाही.

चित्रपट पाहावा की पाहू नये, हा प्रश्न या पानाचा नाही. त्यावर ज्याने त्याने आपल्या दीनाप्रमाणे विचार करावा. आमचा प्रश्न व्यापाराचा आहे. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर आणि शुक्रवारच्या जुम्मा बाजारात जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. मालेगावसारख्या गावात व्हिडिओ पार्लर आणि सीडीच्या दुकानांवर आपल्या अनेक तरुणांनी संसार चालवले. जुने घर किंवा बंद पडलेले दुकान रिकामे होते, पोत्यात भरून तबकड्या येतात आणि त्यात असली-नकली सारे मिसळलेले असते. नकली माल असली म्हणून विकला गेला तर ग्राहक जातो, बाजाराचे नाव जाते आणि पोलीस दारात येतात ते वेगळेच. म्हणून ही पारख प्रत्येक दुकानदाराला आलीच पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या धंद्यात एका खुणेवर कोणी निकाल देत नाही. रेशीम म्हणून आलेल्या कापडाचा धागा जाळून पाहतात. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पण तेवढ्याने भागत नाही. काठ पाहतात, भिंगाखाली धागे मोजतात, कापड उलटे करून पाहतात. तबकडीचेही तसेच आहे. सहा ठिकाणी पाहावे, मग बोलावे.

नकली माल कसा बनतो?

असली तबकडी साच्यातून छापली जाते. आधी काचेवर मूळ प्रत तयार होते, तिच्यावरून धातूचा साचा निघतो आणि त्या साच्याने पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकवर खुणा उमटतात. वर धातूचा चकाकता थर बसतो. डीव्हीडी तर ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून बनते. या कामाला कारखाना लागतो आणि हजारो प्रती काढल्या तरच ते परवडते.

नकली मालाचे दोन प्रकार आहेत. पहिला घरगुती : कोरी तबकडी घ्यायची, संगणकावर राईट करायची, वर कागद चिकटवायचा. दुसरा कारखान्याचा : चोरून साचा बनवून छापलेला माल. २००५ पूर्वी कराचीतील कारखान्यांत असा माल मोठ्या प्रमाणात निघत असे आणि परदेशातही जात असे. पहिला प्रकार ओळखणे सोपे आहे, दुसरा अवघड.

पहिली तपासणी : खालची बाजू

तबकडी उजेडात तिरपी धरा. छापलेली तबकडी आरशासारखी चंदेरी दिसते. राईट केलेल्या डीव्हीडीवर रंगाचा थर असतो, म्हणून ती जांभळट दिसते. राईट केलेली सीडी हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी दिसते. राईट केलेला भाग आणि कोरा राहिलेला भाग यांच्या छटेत फरक असतो आणि त्यांच्यामध्ये एक गोल रेघही दिसते.

येथे एक सावधगिरी हवी. दोन थरांची असली डीव्हीडीही किंचित सोनेरी झाक मारते. ती नकली म्हणून फेकू नका. ब्ल्यू-रेच्या बाबतीत नुसत्या रंगावर विसंबू नये, पुढच्या तपासण्या कराव्यात.

संगणक असेल तर तबकडीची जात त्यात दिसते : छापलेली असेल तर डीव्हीडी-रॉम, राईट केलेली असेल तर डीव्हीडी-आर. पण डीव्हीडी प्लस आर या जातीची नोंद राईट करताना बदलता येते आणि तीही रॉम म्हणून दिसू शकते. म्हणून संगणकाचे उत्तर आणि डोळ्यांचे उत्तर जुळते का, ते पाहावे.

दुसरी तपासणी : मधले कडे

भोकाभोवतीचे कडे भिंगातून पाहा. छापलेल्या तबकडीवर तेथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. १९९४ साली फिलिप्स कंपनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआय यांनी कारखान्यांसाठी ओळखचिन्हाची पद्धत सुरू केली. त्यात दोन चिन्हे येतात. मूळ साचा जेथे बनला त्याचे चिन्ह आयएफपीआय आणि पुढे एल या अक्षराने सुरू होते. तबकडी ज्या यंत्रावर दाबली गेली त्याचे चिन्ह आयएफपीआय आणि पुढे चार-पाच अक्षरे-अंक असे, बहुधा पारदर्शक भागात उमटलेले असते.

ही चिन्हे स्पष्ट असतील तर ती चांगली खूण समजा. ती खरवडलेली, पुसलेली किंवा तापवून दाबलेली दिसली तर माल बाजूला ठेवा. इमानदार कारखान्याला आपले नाव लपवण्याचे कारण नसते. मात्र चिन्ह नाही एवढ्यावरून नकली ठरवू नका आणि चिन्ह आहे एवढ्यावरून असलीही ठरवू नका. आपल्याकडची एखादी निःसंशय असली प्रत जवळ ठेवून तिच्याशी ताडून पाहणे, हाच खरा उपाय.

तिसरी तपासणी : वरची छपाई

कंपनीचा माल थेट तबकडीच्या पृष्ठभागावर छापलेला असतो. वर कागदाची चकती चिकटवलेली असेल, किंवा पांढऱ्या पृष्ठभागावर प्रिंटरची छपाई असेल आणि ओले बोट लावताच शाई सुटत असेल, तर बोलायलाच नको.

आता वेष्टनाचा कागद घ्या. आमच्या बाजारात धागे मोजण्याचे जे भिंग असते, तेच येथे चालते. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारखी नक्षी करून बसलेले दिसतात. घरच्या प्रिंटरचे ठिपके विस्कळीत पडतात. असली वेष्टनावरून फोटो काढून ते पुन्हा छापले असेल तर लहान अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात आणि काळ्या अक्षरांतही इतर रंगांचे ठिपके डोकावतात. मोठे चित्र सगळ्यांनाच फसवते, म्हणून नेहमी सर्वांत बारीक अक्षर पाहावे.

चौथी तपासणी : कायद्याने सक्तीचा मजकूर

हे आपल्या देशातील मालाला लागू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२-अ प्रमाणे चित्रपटाच्या कॅसेटवर, तबकडीवर किंवा तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी असाव्याच लागतात : सेन्सॉर प्रमाणपत्र लागत असेल तर त्याची प्रत; तबकडी काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कदाराकडून परवानगी घेतल्याचे निवेदन; आणि हक्कदाराचे नाव-पत्ता. नकली मालावर यांपैकी काहीतरी हमखास गळते, नाहीतर दुसऱ्याच चित्रपटाचे प्रमाणपत्र उचलून लावलेले असते. प्रमाणपत्रावरील चित्रपटाचे नाव मुखपृष्ठाशी जुळते का, एवढे पाहिले तरी अनेकदा काम होते.

पाचवी तपासणी : आतला माल

तबकडी लावून पाहा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट माल मावतो, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. नकलाकार बहुधा दोन थरांचा माल दाबून एका थरात बसवतो. मग चित्र अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी फुटते, जादा मुलाखती गायब होतात, यादीतील काही बटणे चालत नाहीत. वेष्टनावर लिहिलेली मिनिटे आणि पडद्यावर दिसणारी मिनिटे ताडून पाहा. व्हीसीडीच्या एका तबकडीत सुमारे सव्वा तास मावतो. म्हणून तीन तासांचा हिंदी चित्रपट व्हीसीडीच्या एकाच तबकडीत आला असेल तर तो कापलेला आहे.

परदेशी मालासाठी विभागाचा आकडा पाहावा. डीव्हीडीच्या व्यवस्थेत अमेरिका विभाग १ मध्ये येते, भारत विभाग ५ मध्ये. अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीच्या, छपाई बंद झालेल्या काही डीव्हीडींना मोठा भाव आला आणि त्यांच्या नकलाही निघाल्या. वेष्टनावर विभाग १ लिहिलेले आणि तबकडी मात्र कोणत्याही यंत्रावर चालते, असे असेल तर शंका घ्या. उलट आपल्याकडच्या अनेक असली डीव्हीडी सर्व विभागांत चालतील अशाच काढलेल्या असतात, हेही ध्यानात असू द्या.

सहावी तपासणी : मालाची हकीकत

वस्तूचा इतिहास माहीत असेल तर फसवणूक दारातच थांबते. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग त्याची ‘असली डीव्हीडी’ कोणी दाखवत असेल तर ती पाहण्याचीही गरज नाही. ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली आला तेव्हा काही भाग सोडता कृष्णधवल होता. संपूर्ण रंगीत आवृत्ती २००४ साली प्रदर्शित झाली. रंगीत प्रत नकली नव्हे, पण ती १९६० ची मूळ आवृत्ती म्हणून विकणे ही फसवणूकच.

भावातूनही हकीकत कळते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. त्यामुळे ‘एवढा स्वस्त माल असली कसा असेल’ हा तर्क त्या काळच्या तबकड्यांना लागू पडत नाही. तसेच एका तबकडीत तीन चित्रपट दिसले की नकली, असेही नाही. कंपन्यांनीही तसा माल काढला होता. पण अनेक वर्षांपूर्वी बंद झालेल्या एकाच चित्रपटाच्या दहा कोऱ्या, सीलबंद प्रती एका माणसाकडे एकदम निघाल्या, तर त्या कोठून आल्या हे विचारलेच पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केल्यास कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वर सांगितलेला सक्तीचा मजकूर नसलेली तबकडी काढणाऱ्याला कलम ६८-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. महाराष्ट्रात तर २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ चाच्यांचाही समावेश झाला. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर एखाद-दुसऱ्या तबकडीला चालेल. दुकानात जांभळ्या तबकड्यांची थप्पी असेल तर ते कोण मानणार?

दुकानदार बांधवांनी काय करावे?

पोत्यावर सौदा करताना आधीच ठरवून घ्या की नकली निघालेला माल परत जाईल किंवा त्याची रक्कम वजा होईल. लहान फेरीवाल्याचे सारे भांडवल एका पोत्यात अडकते. त्याच्यासाठी ही एक अट घर वाचवणारी आहे. माल आला की तीन ढीग करा : असली, शंकेचा आणि नकली. असली माल बिल देऊन विका आणि बिलावर आवृत्ती, साल व ओरखडे लिहा. शंकेचा माल जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे काढू नका. नकली माल ‘कॉपी म्हणून’ स्वस्तात विकण्याचा मोहही नको. तोही गुन्हाच आहे. तबकडी मोडून प्लास्टिकच्या भंगारात घाला. चार पैसे कमी मिळतील, पण ते निर्धास्त असतील.

ग्राहकाचे नुकसान केवळ पैशाचे नसते. राईट केलेल्या तबकडीचा रंग उन्हाने आणि वर्षांनी उडतो आणि एक दिवस ती कोरी पडते. वडिलांच्या आठवणीसाठी त्यांचा आवडता चित्रपट विकत घेणाऱ्या माणसाला आपण काय दिले, हे त्याला तेव्हा कळते, आणि दुकान कोणाचे होते हेही आठवते.

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढला आणि भिजलेले धान्य वर ठेवण्यास सांगितले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माल धान्याचा असो, कापडाचा असो की तबकडीचा, हुकूम तोच आहे. ऐब असेल तर तो ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवा. बरकत मालाच्या ढिगात नसते, ती विकणाऱ्याच्या जबानीत असते.