सांगावे की गप्प बसावे?

येरमाळ्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाहतूक म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो आणि बार्शी-कळंबचा रस्ता त्याला इथेच येऊन मिळतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीला चुन्याचे खडे वेचायला माणसे लोटतात, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग वेगळीच. अशा रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याच्या हाती त्याचा एकट्याचा जीव नसतो.

मी कामगार कायद्याची वकिली करतो. याच भागातल्या एका बाई शाळेच्या बसवर मदतनीस आहेत. त्या मला भेटायला आल्या. त्यांच्या बसचा ड्रायव्हर सुटीच्या रात्री पिऊन मोटारसायकल चालवताना पकडला गेला होता. कोर्टात दंड भरून तो गुपचूप कामावर आला. शाळेला पत्ता नाही. बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, सांगितलं तर त्याची भाकर जाती, न्हाई सांगितलं तर लेकरं रोज त्याच्याच गाडीत बसत्यात. मी काय करू?"

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १८५ व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारूची मर्यादा आहे. त्यापुढे गेले की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. पण सहकाऱ्याने ही गोष्ट मालकाला कळवलीच पाहिजे, असे हा कायदा कुठे म्हणत नाही. म्हणूनच हा प्रश्न माणसाच्या मनावर येऊन पडतो.

आपल्याकडे अशा सांगण्याला लगेच चहाडी म्हणतात. मला हे पटत नाही. चहाडी करणाऱ्याला स्वतःचा काही लाभ हवा असतो आणि तो ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लावतो. आता समजा, हाच गुन्हा शाळेच्या कारकुनाने केला असता. तो दिवसभर दाखले लिहितो, गाडीशी त्याचा संबंध नाही. त्याला शिक्षा करायला कोर्ट आहे, साहेबाच्या कानी लागायचे तुम्हाला कारण नाही. ड्रायव्हरचे तसे नाही. ज्या हातांनी गुन्हा केला तेच हात सकाळी बसचे स्टिअरिंग धरतात. कामाचा आणि गुन्ह्याचा असा थेट संबंध असेल तिथे गप्प बसण्याचा हक्क मला तरी दिसत नाही.

"पण काही झालं तर नाही ना?" असे बरेच जण म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलीस दलाचा एक ड्रायव्हर जवानांनी भरलेला ट्रक दारूच्या नशेत चालवत होता. जीपला धक्का लागला, मोठी हानी झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हानी टळली हे केवळ नशीब, तेवढ्यावर सूट मागता येणार नाही. तरी त्याची पंचवीस वर्षांची नोकरी पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. म्हणजे सांगितले की भाकरी गेलीच, असे नाही. चौकशी होते, त्याला बाजू मांडता येते, शिक्षेत कमीजास्त होते.

बाईंना मी म्हटले, पहिल्यांदा त्यालाच गाठा. दोन दिवसांची मुदत द्या : तू स्वतः मुख्याध्यापकांना सांग, नाहीतर मी सांगणार. स्वतः कबूल करणाऱ्याकडे चौकशीत वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हा माझा अनुभव आहे. मात्र या दोन दिवसांत बस दुसऱ्याने चालवली पाहिजे, त्याने रजा टाकावी. तो ऐकत नसेल तर शाळेच्या परिवहन समितीकडे जा. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनी ही समिती शाळाशाळांत नेमायला सांगितली आहे. चावडीवर, पानटपरीवर एक शब्द बोलू नका. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार कायद्याने बदनामी ठरत नाही, टपरीवरचे बोलणे ठरू शकते. आणि माहीत आहे तेवढेच सांगा. "तो रोजच पितो" हे तुम्ही पाहिले नसेल तर ते तोंडातून काढू नका.

सकाळी बसपाशीच वास आला, तर मात्र मुदतबिदत काही नाही. मुलांना चढू देऊ नका आणि तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावा.

आता संस्थाचालकांसाठी दोन शब्द. याच कायद्याचे १८८ वे कलम दारू पिऊन गाडी चालवायला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगते. ड्रायव्हर प्यायला आहे हे ठाऊक असून किल्ली हाती देणारा मालक त्यात सापडू शकतो. विमा कंपनीही हात वर करते. तेव्हा सांगायला आलेल्या बाईवर डोळे वटारू नयेत. ड्रायव्हरला बसवरून उतरवून दुसरे काम देता येते, त्याला व्यसनमुक्तीसाठी पाठवता येते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे, आणि उपचार घेऊन कामावर परतलेली माणसे मी पाहिली आहेत.

बाईंनी त्याच संध्याकाळी त्याचे घर गाठले. दार त्याच्या बायकोने उघडले. तिला यातले काहीच माहीत नव्हते. दंडाचे पैसे बी-बियाण्याला लागले, असे त्याने तिला सांगितले होते.