कानटोपीवरील आपली नक्षी

पौष-माघातील मोताळ्याची पहाट बोचरी असते. वसतिगृहातील मुले कानटोपी घालूनच वंदनेला येतात. त्या टोप्यांवर बहुधा बाजाराने निवडलेली चित्रे असतात. तेथे आपल्या परिसराची नक्षी कशी विणता येईल, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

दोन रंगांच्या या विणकामाला स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आइल या लहानशा बेटाने जगभर नाव मिळवून दिले. नियम सोपा आहे. एका फेरात दोनच रंग घ्यावयाचे आणि ज्याची पाळी नसेल तो धागा आतल्या बाजूने सैल न्यावयाचा. धागा ताणला तर टोपी आक्रसते. मात्र या आतल्या धाग्यांमुळेच ती अधिक ऊबदार होते.

प्रथम आलेख कागदावर नक्षी काढावी. एक चौकट म्हणजे एक टाका. दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील, तर ९६ टाक्यांचा घेर ४८ सेंटिमीटर होतो. विणकाम ताणले जात असल्याने तो मुलांच्या डोक्याला पुरतो. आठ टाक्यांची नक्षी त्यात बरोबर १२ वेळा येते.

आरंभ अजिंठा डोंगररांगेपासून करावा. पहिल्या फेरात सात टाके हिरवे व एक पांढरा. पुढील फेरांत हिरवे पाच, तीन आणि एक, प्रत्येक वेळी मागील हिरव्या टाक्यांच्या बरोबर मध्यावर. चार फेरांत शिखरांची रांग उभी राहते. जेथे धागा पाच टाक्यांहून लांब जातो, तेथे मध्यावर त्याला दुसऱ्या धाग्याचा पीळ द्यावा. नाहीतर टोपी घालताना बोटे अडकतात. हात बसल्यावर नळगंगेच्या लाटा, कपाशीचे बोंड, पिंपळपान, ज्ञानगंगा अभयारण्यातील अस्वल हेही साधते. वस्त्रावर निसर्ग उमटविणे या भूमीला नवे नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतील भित्तिचित्रांत हंसांची नक्षी असलेले वस्त्र आजही दिसते.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील महार जाडेभरडे सुती कापड विणत असल्याची नोंद आहे. तरीही मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या ओठांचा स्पर्श सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला.

हे ठाऊक असल्यामुळेच लोकर आणि सुया मुलामुलींच्या हाती देताना आम्ही तयार नमुना देत नाही. कोरा आलेख कागद देतो. कोणती नक्षी विणायची, हे त्यांनीच ठरवावे.