मानेतील मज्जारज्जूची इजा कशी शोधतात?

बटणे लावताना बोटे अडखळणे, पाय ताठणे, चालताना तोल जाणे या तक्रारी कळसाडीसारख्या गावात ‘वयोमानाने होतेच’ म्हणून सोडून दिल्या जातात. पण त्यांचे मूळ मानेत असू शकते. मानेच्या ७ मणक्यांमधून मज्जारज्जू खाली उतरतो. मणके झिजले किंवा चकती सरकली, की तो दाबला जातो.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. एम.आर.आय.मध्ये तो कोठे दबला आहे ते दिसते. मात्र उतारवयात त्रास नसलेल्यांच्या मानेतही असा दाब आढळतो. म्हणून तपासणीत शंका राहिल्यास मनगटाला सौम्य विजेचा झटका देऊन संदेश मानेपर्यंत व मेंदूपर्यंत केव्हा पोचतो हे मोजतात. निरोगी माणसात मेंदूपर्यंत सुमारे २० सहस्रांश सेकंद लागतात. मान ते मेंदू या टप्प्यात उशीर झाला, तर वाट तेथे अडली असे समजावे.

एम.आर.आय.पूर्वी पेसमेकर असल्यास जरूर सांगावे. मान मोडून घेऊ नये. लघवीवरील ताबा सुटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फार काळ दबलेला मज्जारज्जू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सुधारेलच असे नाही.